आयरिश हँडबॉल : घरच्या खेळाची परवड

आयर्लंडमधील सर्वांत मोठी क्रीडासंस्था, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्लस गावी हेझ हॉटेलात स्थापन झाली. देशी खेळ टिकवणे हेच तिचे स्थापनेमागचे प्रयोजन होते, आणि जे खेळ तिने आपले म्हणून पदरी घेतले ते चार : हर्लिंग, गेलिक फुटबॉल, राउंडर्स आणि हँडबॉल. यांपैकी पहिल्या दोघांचे भाग्य असे उघडले की डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अंतिम सामन्याला ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक दाटीवाटीने बसतात, आणि वाकड्या टोकाच्या काठीने खेळल्या जाणाऱ्या हर्लिंगचा, त्याच्या स्त्रियांनी खेळावयाच्या कॅमोगी या रूपासह, २०१८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. राउंडर्स शाळेच्या पटांगणापलीकडे फारसा गेला नाही. हँडबॉलची गोष्ट मात्र यांपैकी कोणत्याच साच्यात बसत नाही, कारण हा खेळ मेला नाही, लोकांनी टाकला नाही, त्याने जगाला विजेते दिले, समुद्रापार दुसरे घरही केले. तरीही ज्या संस्थेने त्याला आपले म्हटले होते तिच्याच अंगणात तो पाहुण्यासारखा राहिला.

मराठी वाचकाच्या मनात ‘हँडबॉल’ या नावाने बहुधा दुसराच खेळ उभा राहील : सात-सात खेळाडूंचे दोन संघ, दोन गोल, ऑलिंपिकमधील स्थान. आयरिश हँडबॉलचा त्या खेळाशी नावापलीकडे संबंध नाही. आयरिश भाषेत ‘लिआहरोद लाइव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेळात दोन प्रतिस्पर्धी, किंवा जोडीच्या सामन्यात चौघे, एका उंच भिंतीसमोर उभे राहून लहानसा चेंडू तळहाताने भिंतीवर आपटतात, आणि भिंतीवरून परतलेला चेंडू जमिनीवर दुसरा टप्पा घेण्याआधी प्रतिपक्षाने पुन्हा भिंतीकडे धाडावयाचा असतो. रॅकेट काढून घेतलेला स्क्वॉश असे म्हटल्यास कल्पना येईल, फक्त हँडबॉलमध्ये उजवा आणि डावा असे दोन्ही हात सारख्याच कामाचे असावे लागतात. ज्याचा डावा हात कच्चा त्याच्याकडे प्रतिस्पर्धी सामनाभर तिकडूनच चेंडू पाठवीत राहतो. गुणाला ‘एस’ म्हणतात आणि तो केवळ सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो, समोरच्याने फेरी जिंकली तर त्याला गुण नव्हे तर सर्व्हिसचा हक्क मिळतो. एकवीस एसचा एक डाव होतो. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात चेंडू इतका खाली मारावयाचा की तो उसळण्याऐवजी जमिनीलगत सरपटत यावा, हा या खेळातील सर्वांत निर्णायक आणि सर्वांत कठीण फटका, कारण दोन बोटे खाली गेला तर फुकट जातो आणि दोन बोटे वर राहिला तर समोरच्याच्या हाती आयता पडतो.

खेळण्याच्या जागेला ‘ॲली’ म्हणतात. परंपरागत ॲली साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद, समोर तीस फूट उंचीची भिंत, दोन्ही बाजूंना पुढून मागे उतरत गेलेल्या भिंती, मागची बाजू मोकळी आणि वर आकाश. चेंडूचे दोन प्रकार. ‘सॉफ्टबॉल’ रबराचा, आणि ‘हार्डबॉल’ आत घट्ट गाभा, त्याभोवती सुताचे कसून घेतलेले वेढे आणि वरून शिवलेले कातडे अशा रचनेचा. नावातला ‘सॉफ्ट’ सापेक्ष अर्थानेच घ्यावा, कारण वेगाने येणारा रबरी चेंडू तळव्यावर वारंवार झेलून परतवणे हेही सोपे काम नव्हे, आणि हार्डबॉलच्या खेळात तर पहिल्या डावातच हात सुजू लागतात. म्हणून खेळाडू सामन्यापूर्वी हात कढत पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे रक्त तळव्यांपर्यंत येते, कातडी मऊ होते आणि हाडाला बसणारा मार काहीसा सोसतो. पुढे हातमोजे आले आणि मोज्यांच्या आत पट्ट्या चिकटवण्याची रीतही पडली. पण जुन्या काळी उघड्या हातानेच खेळत, आणि तळव्याला पडलेले घट्टे ही त्या खेळाडूची ओळख असे.

या खेळाचे वय सांगताना लिहिणाऱ्यांचा हात सैल सुटतो, आणि केल्टिक पुराणकथांपर्यंत त्याची वंशावळ नेण्याचा मोह देशी खेळांच्या अभिमान्यांना सर्वत्र होतो तसा आयर्लंडमध्येही झाला आहे. कागदावर बोट ठेवून सांगता येईल असा जुना पुरावा गॉलवे नगराच्या १५२७ च्या नियमावलीत आहे : नगराच्या भिंतींवर हाताने चेंडू खेळण्यास तिने मनाई केली, काठीने चेंडू मारण्याचा खेळही निषिद्ध ठरवला आणि पायाने खेळावयाच्या मोठ्या चेंडूला तेवढी सूट दिली. मनाई करावी लागली याचा अर्थ खेळ चालू होता, आणि भिंत खेळासाठी बांधलेली नव्हती, तर तटाची होती, हे दोन्ही मुद्दे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पुढे अठराव्या शतकात जॉन निक्सन या हौशी चित्रकाराने मोनॅहन काउंटीतील कॅसलब्लेनी येथे पडक्या इमारतीच्या भिंतीशी खेळणारे लोक चितारले. तट, किल्ल्याचा भग्न भाग, देवळाची बाजू, जी भिंत सरळ, उंच आणि आवरायला कोणी नसलेली ती या खेळाला पुरेशी असे. स्वतंत्र ॲली बांधण्याची गरज नंतरची.

इंग्रजी साहित्यात या खेळाला मिळालेले सर्वांत मानाचे पान एका अनपेक्षित ठिकाणी सापडते आणि त्याचा धागा भारताशी जुळतो. लंडनमध्ये राहणारा जॉन कॅव्हनॉ हा जन्माने आयरिश आणि व्यवसायाने घरे रंगवणारा माणूस ‘फाइव्ह्ज’चा, म्हणजे हँडबॉलच्या इंग्रजी भावंडाचा, अद्वितीय खेळाडू होता. तो १८१९ मध्ये वारल्यावर निबंधकार विल्यम हॅझलिट याने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला, आणि दोन वर्षांनी ‘द इंडियन जगलर्स’ या आपल्या निबंधाच्या शेवटी तो जोडून टाकला. या निबंधाचा आरंभ भारतातून लंडनला आलेल्या, एकाच वेळी चार-चार गोळे हवेत खेळवणाऱ्या कसरतकाराच्या कौशल्याने होतो, आणि शारीरिक नैपुण्य व बौद्धिक थोरवी यांची तुलना करीत करीत लेखक त्या आयरिश रंगाऱ्यापाशी येऊन थांबतो. आजही हँडबॉलच्या इतिहासात कॅव्हनॉचे नाव आदराने घेतले जाते; ते जर हॅझलिटच्या हाती पडले नसते तर त्या काळच्या इतर शेकडो खेळाडूंप्रमाणे विसरले गेले असते, यात शंका नाही.

एकोणिसाव्या शतकात खेळाचा मुक्काम तटाच्या भिंतीवरून गुत्त्याच्या परसात हलला. दारूविक्रेत्याने आपल्या घरामागे ॲली बांधावी, खेळणाऱ्यांनी आणि पाहणाऱ्यांनी त्याच्याकडे प्यावे, आणि प्रत्येक सामन्यावर पैज लागावी, असा हा चोख हिशेब होता. आयर्लंडमधील काही गुत्त्यांच्या नावात ‘बॉल ॲली’ हे शब्द आजही टिकून आहेत. त्यातून आव्हानाच्या सामन्यांची रीत रुजली : एका गावच्या वस्तादाने दुसऱ्या गावच्या वस्तादाला वर्तमानपत्रातून आव्हान द्यावे, दोघांच्या पाठीराख्यांनी रक्कम जमवावी, आणि घरच्या ॲलीत काही डाव, प्रतिस्पर्ध्याच्या ॲलीत काही डाव अशी लढत व्हावी. या रीतीचा कळस १८८७ मध्ये झाला. लीश काउंटीतील माउंटरॅथ येथून अमेरिकेत गेलेला फिल केसी ब्रुकलिनमध्ये स्वतःचे कोर्ट बांधून तेथे हँडबॉलचा पुरस्कर्ता बनला होता. त्याची गाठ डब्लिनच्या जॉन लॉलरशी पडली, एक हजार डॉलरची पैज ठरली, आणि एकवीस डावांपैकी पहिले दहा कॉर्क शहरात व उरलेले ब्रुकलिनमध्ये खेळवावेत असे निश्चित झाले. कॉर्कमध्ये लॉलरने सहा डाव जिंकले, केसीने चार. समुद्र ओलांडून गेल्यावर मात्र केसीने आपल्या घरच्या कोर्टात सलग सात डाव घेऊन सामना संपवला. दोन खंडांत विभागलेला जागतिक दर्जाचा सामना, तोही आधुनिक ऑलिंपिक सुरू होण्यास नऊ वर्षे अवकाश असताना, ही घटना आयर्लंडच्या क्रीडा-इतिहासात जेवढी जागा घेते त्याहून मोठ्या जागेची ती हक्कदार आहे.

येथेच एक प्रश्न उभा राहतो : थर्लसची बैठक १८८४ ची, केसी-लॉलर सामना १८८७ चा, खेळ ऐन भरात, मग संस्थेने त्याला हात का दिला नाही? हर्लिंग आणि फुटबॉलच्या अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ पासूनच सुरू झाल्या, हँडबॉलला मात्र तशी स्पर्धा मिळण्यास जवळजवळ चार दशके लागली. याचे कारण द्वेष नव्हता. संस्थेचे पहिले आश्रयदाते आर्चबिशप क्रोक यांनी डिसेंबर १८८४ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात देशी खेळ लयाला जात असल्याबद्दल हळहळ व्यक्त केली, तेव्हा हाताने चेंडू खेळण्याचा उल्लेख त्यांनी आवर्जून केला होता. अडचण मनाची नव्हती, संस्थेच्या घडणीची होती. संस्था पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीने ठरणाऱ्या गावगटाच्या, पायावर उभी राहिली. पॅरिशचा एक संघ, त्यावर काउंटीचा संघ, आणि काउंटी-काउंटीमधील चुरस, हा तिचा सांगाडा. पंधरा-पंधरा जणांच्या खेळात अख्खे गाव गुंतते, त्याचे रंग ठरतात, त्याचा अभिमान जागतो. हँडबॉलमध्ये एक माणूस, फार तर दोघे, भिंतीसमोर उभे असतात. मैदानाभोवती हजारो लोक उभे राहून तिकिटाचे पैसे देऊ शकतात, तर ॲलीच्या मागच्या उघड्या बाजूने शंभर-दोनशे जणांनी माना उंचावून पाहिले तरी गर्दी होते, आणि जी संस्था मुख्यतः दारावरच्या उत्पन्नावर चालते तिच्या जमाखर्चात अशा खेळाची ओळ नेहमी खर्चाच्याच बाजूला पडते. त्यातच संस्थेचे हौशी खेळाचे व्रत आणि हँडबॉलची पैजेची सवय यांचे जमणारे नव्हते. गुत्त्याचा वास असलेला, शिपायांच्या बरॅकीतही तितक्याच आवडीने खेळला जाणारा हा खेळ राष्ट्रीय पुनरुत्थानाच्या स्वच्छ चित्रात कोठे बसवावा, हे कोणालाच नीट उमगले नाही.

शत्रूकडून होणारी उपेक्षा निदान दिसते आणि तिच्याविरुद्ध बोट दाखवता येते. नियमांत नाव कायम, घोषणांत उल्लेख कायम, आणि प्रत्यक्षात पैसा, मैदान, माणूस यांपैकी काहीच नाही, अशा उपेक्षेला आवाजही उठवता येत नाही, कारण विचारणाऱ्याला घटनेचे पान उघडून दाखवले की वाद संपतो.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९२४ मध्ये संस्थेच्या छत्राखाली हँडबॉलसाठी स्वतंत्र संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी नव्या राज्याने भरवलेल्या टेल्चन गेम्स या राष्ट्रीय क्रीडोत्सवात हँडबॉलचा समावेश झाला, आणि पुढच्या वर्षापासून अखिल आयर्लंड स्पर्धा नियमित होऊ लागल्या. नव्याने उभ्या राहिलेल्या गार्डा या पोलीसदलाने हा खेळ विशेष उचलून धरला, आणि ते स्वाभाविकही होते : लहान गावच्या चौकीत चार-पाच तरुण शिपाई, हातात संध्याकाळ मोकळी, संघ जमवण्याइतकी माणसे नाहीत, अशा ठिकाणी भिंत आणि चेंडू पुरेसे. रॉसकॉमनचा पॅडी पेरी हा गार्डाचाच माणूस, आणि त्याने १९३० ते १९३७ अशी सलग आठ वर्षे सॉफ्टबॉल एकेरीचे विजेतेपद आपल्याकडे ठेवले. त्याच्यानंतर किलकेनीच्या जॉन जो गिलमार्टिनने सॉफ्टबॉल आणि हार्डबॉल अशा दोन्ही प्रकारांत आपला दरारा बसवला.

आयर्लंडच्या ग्रामीण भागात आज जागोजाग दिसणाऱ्या ॲल्या बहुतांशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. आधीच्या ॲल्या दगडी असत. सिमेंट सहज मिळू लागल्यावर गावकऱ्यांनी वर्गणी काढून, श्रमदानाने, सळईविना काँक्रीटच्या भिंती ओतल्या. अशा भिंतीकडे जवळून पाहिले तर तिची बांधणी आपोआप वाचता येते : लाकडी फळ्यांचा साचा लावून हातभर उंचीचा थर ओतायचा, तो आवळला की साचा वर सरकवायचा, म्हणून थराथरांमधील आडव्या रेघा आणि फळ्यांच्या शिरा पृष्ठभागावर तशाच उमटलेल्या असतात, खेळाची समोरची भिंत तेवढी गिलावा करून गुळगुळीत केलेली असते, कारण तिच्यावरची बारीकशी गाठही चेंडूची दिशा फिरवते. भिंतीच्या मागच्या अंगाला तिरपे धिरे, माथ्यावर लोखंडी खांब आणि त्यांना बांधलेली जाळी, चेंडू पलीकडच्या शेतात जाऊ नये म्हणून. इतक्या उंचीची, इतकी कोरी, कोणत्याही इमारतीचा भाग नसलेली भिंत त्या मुलखात दुसरी नसे. रविवारच्या प्रार्थनेनंतर पुरुष तेथे जमत, उन्हाळ्यात तिच्याच काँक्रीटच्या तळावर नाच होत, निवडणुकीच्या दिवसांत सभा भरत, आणि सामना नसलेल्या संध्याकाळी वारा अडवणारा तो आडोसा तरुण जोडप्यांच्याही उपयोगी पडे. शाळा, धर्मगुरूंची विद्यालये, बरॅकी, मनोरुग्णालये यांच्या आवारांतही ॲल्या होत्या. मोठे मैदान राखणे न परवडणाऱ्या किंवा माणसांना आवाराबाहेर न सोडणाऱ्या कोणत्याही संस्थेला ही सोय पटत असे, ही गोष्ट त्या काळच्या आयर्लंडबद्दल बरेच काही सांगून जाते.

ओहोटी लागली ती एका कारणाने नव्हे. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली, आणि गेली ती बहुतेक वीस-पंचविशीतली, म्हणजे ज्यांनी ॲलीत उभे राहावे तीच. मागे राहिलेल्यांच्या घरी दूरचित्रवाणी आली, दारात मोटार आली, गावातल्या चार वर्गांच्या शाळा बंद होऊन मोठ्या शाळांत विलीन झाल्या. शिवाय मूळचीच एक उणीव होती, जिचा उल्लेख या खेळाचे भक्त सहसा टाळतात : आयर्लंडमध्ये पाऊस पडतो, ॲलीला छप्पर नाही, आणि ओल्या काँक्रीटवर चेंडू उसळत नाही, पाय मात्र घसरतो. जो खेळ वर्षातले निम्मे दिवस आकाशाच्या मर्जीवर चालतो त्याने छप्पर असलेल्या व्यायामशाळेशी स्पर्धा करावी ही अपेक्षाच फार होती.

प्रसाराचा पहिला गंभीर प्रयत्न येथून सुरू होतो, आणि त्याची दिशा अमेरिकेने ठरवली. केसीसारख्यांनी नेलेला खेळ तिकडे गेल्यावर आटोपशीर झाला होता : चाळीस फूट बाय वीस फूट, चारही बाजूंना भिंती, वर छत. १९७० मध्ये विश्वस्पर्धा डब्लिनला भरवण्याचे ठरले तेव्हा क्रोक पार्कच्या आवारात नवे हँडबॉल केंद्र उभारण्यात आले, आणि त्यात काचेची भिंत बसवून खेळ पाहण्याची सोय करण्यात आली. ही काच फार महत्त्वाची, कारण तिच्यामुळे कॅमेरा आत पाहू शकला. आयर्लंडच्या राष्ट्रीय वाहिनीने ‘टॉप एस’ ही हँडबॉलची मालिका प्रक्षेपित केली आणि ज्यांनी कधी ॲलीत पाय टाकला नव्हता अशा घरांतही खेळाडूंची नावे माहीत झाली. चाळीस-वीसचा खेळ त्या दशकात देशभर पसरला. क्लबांनी नवी कोर्टे बांधली, जुन्या साठ-तीसच्या ॲल्यांवर छत घातले, मागची भिंत उभारून वर प्रेक्षकांसाठी सज्जा काढला. खेळ वाचला, हे निर्विवाद. पण ज्या गावाला नवे कोर्ट बांधणे परवडले नाही त्या गावचा खेळ संपला, आणि असे गाव एखादे नव्हते. वर्गणीतून उघडी भिंत उभी करता येत होती. छत, दिवे, लाकडी जमीन, उबदार हवा यांसाठी अनुदान लागते, समिती लागते, विमा लागतो. बंदिस्त कोर्टाला कुलूपही असते, आणि किल्ली कोणाकडे तरी मागावी लागते.

तरीही याच काळात आयर्लंडने दिलेल्या खेळाडूंचा दर्जा पाहिला की उपेक्षेचा प्रश्न अधिकच बोचरा होतो. किलकेनीच्या टॅल्बट्स इंच क्लबच्या मायकल ‘डक्सी’ वॉल्श याने १९८५ ते १९९७ अशी सलग तेरा वर्षे साठ-तीसच्या कोर्टातील अखिल आयर्लंड एकेरी विजेतेपद जिंकले. हर्लिंग किंवा फुटबॉलमध्ये कोणी एवढा दीर्घ अंमल गाजवला असता तर त्याचा पुतळा जिवंतपणीच उभा राहिला असता. वॉल्श मात्र हँडबॉलच्या वर्तुळात दंतकथा आणि वर्तुळाबाहेर, स्वतःच्या काउंटीतही, हर्लिंगच्या मधल्या फळीतल्या खेळाडूइतकाही ओळखीचा नसावा, असा प्रकार. २०१६ मध्ये वयाच्या पन्नाशीत त्याचे निधन झाले. कॅव्हनच्या मुलाहोरन गावचा पॉल ब्रेडी २००३ मध्ये विश्वविजेता झाला आणि त्यानंतर त्याने ते पद पुन्हा पुन्हा मिळवले, अमेरिकेतही त्याला तोड उरली नाही. तो आपल्या काउंटीकडून फुटबॉलही खेळला. स्त्रियांच्या गटात अँट्रिमची ॲशलिंग रायली आणि कॉर्कची कॅट्रिओना केसी यांनी विश्वविजेतेपदे आणली. ज्या देशाच्या वाट्याला कोणत्याही खेळातली जागतिक विजेतेपदे मोजकीच येतात त्या देशात हे सारे आतल्या पानावरच्या दोन ओळींत आटोपत राहिले.

प्रसाराची दुसरी लाट एकाच भिंतीवर आली. न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर लोक स्नानगृहांच्या भिंतींवर चेंडू आपटू लागले, बाजूच्या भिंती गळून पडल्या, आणि त्यातून एकभिंती हँडबॉल घडला. आज त्या शहराच्या सार्वजनिक उद्यानांत अशी दोन हजारांहून अधिक कोर्टे आहेत, आणि आयरिश व ज्यू स्थलांतरितांनंतर पोर्तो रिकोहून आलेल्यांनी, कृष्णवर्णीयांनी, चिनी वस्तीतल्या मुलांनी तो आपला केला. २००० नंतरच्या वर्षांत आयरिश संघटनेने हाच प्रकार ‘वॉलबॉल’ या नावाने घरी आणला. मोठा, मऊ चेंडू. शाळेच्या इमारतीची कोणतीही सपाट भिंत. रंगाने आखलेल्या चार रेघा. खर्च जवळजवळ शून्य. शिवाय बास्क प्रदेशातील पेलोता, वलेन्सियातील पिलोता, नेदरलँड्समधील फ्रीसलँडचा काट्सन अशा युरोपातल्या हातचेंडूच्या जुन्या खेळांच्या माणसांशी एकाच मैदानावर भेटण्याची सोय या साध्या प्रकाराने झाली, कारण प्रत्येकाचे नियम वेगळे असले तरी एक भिंत आणि एक हात सर्वांकडे होता.

वॉलबॉलला परदेशी, बाटगा, पोरखेळ म्हणून नाक मुरडणारे जाणते खेळाडू आयर्लंडमध्ये पुष्कळ आहेत. त्यांच्या आक्षेपात तथ्य एवढेच की कोपऱ्यातून निघणारा चेंडू, दोन भिंतींना लागून फिरणारा कोन, मागच्या भिंतीवरून उलटा घेतलेला फटका, ही सारी कारागिरी एका भिंतीवर उरत नाही. परंतु परंपरेच्या नावाने हा आक्षेप घेता येत नाही. गॉलवेच्या ज्या लोकांना १५२७ मध्ये तंबी मिळाली ते तटाच्या एकाच भिंतीशी खेळत होते; कॅसलब्लेनीच्या चित्रातल्या माणसांसमोर तीस फुटी बाजूभिंती नव्हत्या; साठ-तीसचे माप, जे आज परंपरेचे माप म्हणून मिरवले जाते, तेच मुळी पुढच्या काळाची भर आहे. प्रसारकांनी वॉलबॉल निवडला तो परंपरेपोटी नव्हे, स्वस्त आणि सोपा म्हणून. पण निवडीतून त्यांच्या हाती खेळाचे सर्वांत जुने रूप लागले.

खरा धोका दुसरीकडे आहे. प्रसाराच्या प्रत्येक टप्प्यावर खेळाचे एक अंग मागे राहत गेले, आणि सर्वांत मागे राहिला तो हार्डबॉल. त्याच्या अखिल आयर्लंड स्पर्धा आजही होतात, खेळणारे थोडे आहेत आणि ते एकमेकांना नावानिशी ओळखतात. कातडी चेंडू चांगला शिवणे हे कौशल्य आहे, ते जाणणारे हात विरळ होत चालले आहेत. शाळकरी मुलाला सुजलेल्या हाताचे आमिष दाखवून कोणताही क्लब सदस्य मिळवू शकत नाही, म्हणून प्रसाराच्या कोणत्याही योजनेत हार्डबॉल बसत नाही. मग त्याचे काय करावे? संघटनेच्या अहवालांत त्याची गणना स्पर्धांच्या यादीत होते, वस्तुसंग्रहालयाच्या यादीत नव्हे. पण त्याच्याशी वागणूक दुसऱ्या यादीतल्यासारखीच राहिली आहे. थर्लसच्या संस्थेने हँडबॉलशी जे केले तेच हँडबॉलच्या संघटनेने हार्डबॉलशी करावे, ही तक्रार जुन्या खेळाडूंकडून ऐकू येते आणि ती अगदीच अनाठायी नाही.

राहता राहिल्या ओसाड ॲल्या. गेल्या दोन दशकांत वास्तुविशारदांचे लक्ष त्यांच्याकडे वळले, त्यांची छायाचित्रे, नकाशे, नोंदी होऊ लागल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय स्थापत्यवारसा सूचीत काही ॲल्यांचा समावेश झाला, आणि काही काउंटी परिषदांनी आपल्या हद्दीतील ॲल्यांना संरक्षित बांधकामाचा दर्जा दिला. साध्या काँक्रीटच्या, अलंकाराचा लवलेश नसलेल्या, गावकऱ्यांनी स्वतः ओतलेल्या भिंतीला वाड्या-चर्चांच्या पंक्तीला बसवणे हा वारसाविचारातला लक्षणीय बदल आहे. त्यातून नवा पेच मात्र निर्माण झाला. संरक्षित ॲलीला सहजासहजी छप्पर घालता येत नाही, मागची भिंत बांधता येत नाही, चाळीस-वीसचे कोर्ट तिच्या पोटात बसवता येत नाही. आणि यांपैकी काही केल्याशिवाय हिवाळ्यात तेथे खेळता येत नाही. संवर्धकाला मूळ भिंत हवी, क्लबला कोरडी जमीन हवी. काही गावांनी मधला मार्ग काढला आहे : ॲली उघडीच ठेवायची, समोरच्या भिंतीचा गिलावा दुरुस्त करायचा, जाळी नवी बांधायची, आणि तिच्याच तळावर वॉलबॉलच्या रेघा आखून उन्हाळ्यापुरती ती मुलांना खुली करायची. बाजूच्या भिंती अशा वेळी खेळात नसतात, नुसत्या उभ्या असतात. अन्य ठिकाणी ॲलीत शेतकऱ्याची चाऱ्याची गाठोडी आणि जुने टायर आहेत, आणि ती जागा नेमकी कोणाची, पॅरिशची, शाळेची, क्लबची की शेजारच्या शेताची, याचा कागदच सापडत नसल्यामुळे दुरुस्तीचा अर्ज कोणी करावा हेही ठरलेले नाही.